624 तास उरले होते

19 नोव्हेंबर 1993, शुक्रवार. सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यात, चिंचखेडी गावी, पोलिसांनी गोळीबार केला. त्यात रेहमल पुन्या वसावे हा पंधरा-सोळा वर्षांचा आदिवासी मुलगा मारला गेला. सरदार सरोवर धरणाच्या बुडिताचं सर्वेक्षण करायला सरकारी पथक पोलीस बंदोबस्तात डोंगरात आलं होतं आणि लोकांनी त्या सर्वेक्षणाला विरोध केला होता. हा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला.

नर्मदेच्या लढ्याच्या इतिहासात ही घटना बहुतेक ठिकाणी दोन-तीन ओळींत येते. त्या ओळी वाचल्या की वाटतं, जमाव जमला, पोलीस होते, भडका उडाला, गोळी सुटली. एका दिवसाची गोष्ट. मला ती एका दिवसाची वाटत नाही. त्या गोळीच्या मागे चौदा वर्षं टिकटिकणारं एक घड्याळ होतं आणि ते कायद्यानेच लावून दिलेलं होतं. कोणत्या टप्प्यावर सरकारने काय पूर्ण करायचं, हे त्यात लिहिलेलं होतं. म्हणून हा घटनाक्रम तासांत मांडला आहे. घटनेच्या दिवसापर्यंत किती दिवस उरले होते ते मोजून चोविसाने गुणलं, एवढाच हिशेब.

1,22,184 तास आधी
12 डिसेंबर 1979

नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला. गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान यांच्यातला पाण्याचा वाद सोडवायला हा लवाद 1969 मध्ये नेमला होता. निवाड्याने सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी 455 फूट, म्हणजे 138.68 मीटर ठरवली. त्या एका आकड्याने महाराष्ट्रातली 33 गावं बुडितात गेली, अक्कलकुव्यातली 9 आणि अक्राणीतली 24. सगळी डोंगरातली, नर्मदेच्या काठाची, भिल्ल, पावरा, तडवी लोकांची.

गावं बुडवण्याची परवानगी देताना लवादाने अटीही घातल्या होत्या आणि त्या वेळेच्या भाषेत होत्या. बुडिताच्या प्रत्येक टप्प्याला कोणता भाग पाण्याखाली जाणार, हे गुजरातने मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राला 18 महिने आधी कळवायचं. जे गुजरातेत जायला तयार असतील त्यांच्यासाठी ओलिताची जमीन आणि घरासाठी जागा 12 महिने आधी तयार ठेवायची. आणि पाणी येण्याच्या 6 महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालेलं असायचं. जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर जमीन. सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. भरपाई आणि पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याशिवाय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातला कोणताही भाग बुडवता येणार नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

अठरा, बारा, सहा. सातपुड्यातल्या माणसाच्या हाती कायद्याने दिलेलं हे घड्याळ. या लेखात पुढे जे काही येईल ते याच तीन आकड्यांशी ताडून पाहायचं आहे.

25,128 तास आधी
7 जानेवारी 1991

निवाड्यानंतर अकरा वर्षं उलटली तरी नदीकाठच्या कितीतरी पाड्यांवर धरणाची खबर अर्धीमुर्धीच पोहोचलेली होती. 1986 मध्ये धुळे जिल्ह्यात नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली. तिने सरकारला पहिल्यांदा प्रश्नच विचारले: किती पाणी येणार, कुठवर येणार, जमीन कुठे देणार, किती देणार? उत्तरं आली नाहीत. 1988 मध्ये लोकांनी आणि त्यांच्या संघटनांनी धरणाला पूर्ण विरोध जाहीर केला. पुढे त्याच लढ्याला देश नर्मदा बचाव आंदोलन म्हणून ओळखू लागला.

1990 च्या डिसेंबरात बडवानीजवळच्या राजघाटावरून हजारो लोक धरणाकडे चालत निघाले. गुजरातच्या सीमेवर, फेरकुवा इथे, त्यांना अडवण्यात आलं. हिंसेचा आरोप येऊ नये म्हणून स्वयंसेवक हात बांधून पुढे जात होते. 7 जानेवारीला आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर यांच्यासह सात जणांनी तिथे उपोषण सुरू केलं. ते तीन आठवडे चाललं.

हात बांधून चालणारी ही माणसं विसरू नयेत. पुढे चिंचखेडीत जे घडलं त्याकडे पाहताना, हे लोक आधी कोणकोणत्या मार्गांनी बोलून पाहत होते, हे ठाऊक असायला हवं.

12,456 तास आधी
18 जून 1992

फेरकुव्यानंतर दबाव वाढला आणि धरणाला 45 कोटी डॉलर कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला एक स्वतंत्र समिती नेमावी लागली. तिचं नेतृत्व करत होते संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स आणि कॅनडाचे न्यायविद थॉमस बर्जर. ही समिती गावागावांत फिरली. 18 जूनला आलेल्या तिच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की आहे त्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही आणि बँकेने या प्रकल्पातून एक पाऊल मागे घ्यावं.

समितीने ज्यावर बोट ठेवलं, त्यात सातबाऱ्याचा प्रश्न होता. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली बरीच जमीन कागदावर वनखात्याची. ती कसणारा माणूस सरकारी भाषेत ‘अतिक्रमणधारक’. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळवायची तर आधी खातेदार असावं लागतं. ज्याच्या नांगराखाली चार एकर आहेत पण नावावर एक गुंठाही नाही, तो सर्वेक्षणाच्या तक्त्यात भूमिहीन ठरतो. ‘सर्व्हे’ हा शब्द डोंगरात का झोंबायचा, याचं एक मूळ इथे आहे. मोजणीवाला येतो तेव्हा जमीन मोजली जाते आणि त्याच वेळी माणूस कागदावरून पुसलाही जातो, हे लोकांनी वनखात्याच्या हाती अनुभवलेलं होतं.

त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मणिबेलीत पोलिसांचा मोठा तळ पडला होता. मणिबेली हे बुडितात जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव, शूलपाणेश्वराच्या देवळाचं. तिथे घरं उतरवली गेली, अटका झाल्या. जून 1992 मध्येच एशिया वॉच या आंतरराष्ट्रीय संघटनेने नर्मदा धरणावरच्या मानवी हक्कांच्या उल्लंघनांवर स्वतंत्र अहवाल काढला.

म्हणजे गोळीच्या सतरा महिने आधी दोन अहवाल टेबलावर होते. एक सांगत होता की पुनर्वसन होणं शक्य दिसत नाही. दुसरा सांगत होता की पोलीस कसे वागत आहेत. धोक्याची सूचना यापेक्षा स्पष्ट कशी द्यायची असते?

8,232 तास आधी
11 डिसेंबर 1992

भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. या करारानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल असते. प्रत्येक मुलाला जगण्याचा मूलभूत हक्क आहे, त्याच्या बाबतीत कोणताही निर्णय घेताना त्याचं हित आधी पाहायचं, असं करार सांगतो. रेहमल तेव्हा पंधराच्या आसपास असेल. दिल्लीत झालेल्या त्या स्वीकृतीने त्याच्याभोवतीही एक कुंपण घातलं होतं. ते 343 दिवस टिकलं.

आता लवादाचं घड्याळ पाहू. सातपुड्यात पाऊस जूनच्या मध्याला येतो. 1994 च्या पावसाळ्यात जो भाग पाण्याखाली जाणार, त्याची सूचना 18 महिने आधी, म्हणजे डिसेंबर 1992 च्या मध्यापर्यंत द्यायला हवी होती. बालहक्कांची स्वीकृती आणि ही पहिली मुदत एकाच आठवड्यात येतात. घड्याळाचा पहिला ठोका इथे पडला.

5,616 तास आधी
30 मार्च 1993

भारत सरकारने जागतिक बँकेला कळवलं की उरलेलं कर्ज नको. बँकेच्या संचालक मंडळाने सहा महिन्यांत पुनर्वसन आणि पर्यावरणाच्या काही अटी पुऱ्या करायला सांगितलं होतं. ती मुदत संपत आली होती.

जगभर हा आंदोलनाचा मोठा विजय मानला गेला आणि तो होताही. पण सातपुड्यापुरतं पाहिलं तर त्याला दुसरी बाजू होती. बँकेचे नियम कितीही अपुरे असले तरी बाहेरून कुणीतरी येऊन विचारत होतं: जमीन दिली का, किती जणांना दिली? तो प्रश्न विचारणारा एक आवाज कमी झाला. धरण थांबलं नाही, भिंत चढत राहिली. आता गाव आणि सरकार समोरासमोर होते.

3,768 तास आधी
15 जून 1993

घड्याळाचा दुसरा ठोका. 1994 च्या बुडितासाठी जमीन आणि घराच्या जागा 12 महिने आधी तयार असायला हव्यात, म्हणजे या सुमारास.

महाराष्ट्रात राहू इच्छिणाऱ्यांसाठी 1990 मध्ये केंद्राने तळोदा तालुक्यातली 2,700 हेक्टर वनजमीन मोकळी केली होती. ऐकायला हे सोपं वाटतं. पण त्या जमिनीच्या काही भागावर तळोद्यातलेच आदिवासी आधीपासून शेती करत होते. डोंगरातल्या आदिवासीला वसवण्यासाठी सपाटीवरच्या आदिवासीला उठवायचं, असा तो तिढा. दोघांच्याही नावावर सातबारा नाही.

त्याच दिवसांत मुंबईत मेधा पाटकर आणि आंदोलनातले देवरामभाई कनेरा यांचं उपोषण चालू होतं. प्रकल्पाचा पुनर्विचार करा, ही मागणी. चौदा दिवसांनी, सरकारकडून पुनर्विचाराचं आश्वासन आल्यावर, ते सुटलं. त्याच दिवसांत व्हिएन्नामध्ये 14 जूनपासून संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्कांची जागतिक परिषद भरली होती. आणि 1993 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी जगातल्या आदिवासी, मूलनिवासी लोकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेलं होतं.

2,544 तास आधी
5 ऑगस्ट 1993

पावसाळा आला तेव्हा मणिबेलीत पाणी चढलं. पुनर्विचाराचं आश्वासन कागदावरच होतं. आंदोलनाने जाहीर केलं की 6 ऑगस्टला समर्पित दलाचे लोक, म्हणजे जीव द्यायला तयार झालेले कार्यकर्ते, नर्मदेत जलसमर्पण करतील. आमची गावं बुडवणार असाल तर आधी आम्ही बुडू. धमकीचा आव त्यात नव्हता. ज्यांच्याकडे पणाला लावायला शरीराखेरीज काही उरलेलं नव्हतं, त्यांची ती घोषणा होती.

आदल्या दिवशी, 5 ऑगस्टला, केंद्रीय जलसंपदा मंत्री विद्याचरण शुक्ल यांच्या खात्याने पाच सदस्यांचा गट नेमला: जयंत पाटील, वसंत गोवारीकर, रामस्वामी अय्यर, एल. सी. जैन आणि व्ही. सी. कुलंदैस्वामी. जलसमर्पण मागे घेतलं गेलं. माणसं वाचली.

या घटनाक्रमात हा एकच क्षण असा आहे की सरकारने वेळेत हालचाल केली आणि अनर्थ टळला. चोवीस तास आधी एक गट नेमता आला, लोकांशी बोलता आलं, आणि कुणी मेलं नाही. बोलणं शक्य होतं याचा हा पुरावा आहे. गोळीबारानंतर ‘दुसरा इलाज नव्हता’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला 5 ऑगस्ट 1993 ची तारीख दाखवावी.

पण गट अभ्यास करत असताना धरणाचं काम थांबलं नव्हतं. बुडितातल्या गावांच्या सर्वेक्षणाचा आग्रहही थांबला नव्हता. डोंगरातल्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. एकीकडे धरण हवं की नको याचा विचार चालू आहे म्हणायचं आणि दुसरीकडे कोण किती बुडणार याची यादी करायला माणसं पाठवायची. यादीत नाव दिलं की उठायला संमती दिली असा अर्थ होणार, ही त्यांची धास्ती होती. म्हणून गावांनी ठरवलं होतं, सर्व्हे होऊ द्यायचा नाही. सरकारने आधी आमच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत, मग मोजणी.

912 तास आधी
12 ऑक्टोबर 1993

दिल्लीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची स्थापना झाली. मानवी हक्क संरक्षणाचा वटहुकूम 28 सप्टेंबरला निघाला होता. पोलिसांच्या कोठडीतले मृत्यू, गोळीबार, दुर्बळांवरचे अत्याचार यांची दाद मागायला आता देशात एक जागा होती. ज्या दिवशी चिंचखेडीत गोळी सुटली, त्या दिवशी हा आयोग 38 दिवसांचा होता.

इथवरची यादी पुन्हा एकदा पाहावी. आदिवासी भागाला संरक्षण देणारी राज्यघटनेची पाचवी अनुसूची होतीच आणि अक्राणी महाल त्या अनुसूचित क्षेत्रात 1950 पासून होता. आदिवासींच्या जमिनीवरचा हक्क मानणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 107 क्रमांकाचा करार भारताने 1958 मध्येच मान्य केला होता. अॅट्रॉसिटी कायदा 1989 चा. बालहक्क करार 1992 चा. मानवी हक्क आयोग 1993 चा. लवादाचा निवाडा तर खास याच गावांसाठी. नोव्हेंबर 1993 मध्ये अक्राणीतल्या आदिवासी मुलाइतकं कायद्याचं संरक्षण देशात फार थोड्या मुलांना असेल. यातला एकही कागद त्या दिवशी घाट चढून गावापर्यंत पोहोचला नाही.

144 तास आधी
13 नोव्हेंबर 1993

दिवाळी. शहाद्यात, नंदुरबारला, धुळ्याला, खाली सपाटीवर लक्ष्मीपूजन. शाळांना सुट्ट्या. दुसऱ्या दिवशी बालदिन.

सातपुड्यात हे दिवस खरिपाच्या काढणीचे. ज्वारी खळ्यात येते, तूर शेतात उभी असते, हवेत गारठा उतरलेला असतो. घरं एकमेकांपासून दूर, प्रत्येक टेकाडावर एक-दोन, सागाच्या खांबांवर आणि बांबूच्या कुडांवर उभी. एका घरून दुसऱ्या घरी हाक जाते, ढोल वाजला तर चार पाड्यांना कळतं. गावाचे निर्णय कारभारी आणि जाणते लोक एकत्र बसून करतात. 1991 च्या सुमारास इथेच आंदोलनाने जीवनशाळा सुरू केल्या होत्या, कारण सरकारी शाळा बहुधा कागदावर होत्या. रेहमलच्या वयाची पोरं त्या काळात अशा गावांत गुरं राखत, काढणीला हात लावत आणि मोर्च्याला निघालेल्या मोठ्यांच्या मागे मागे चालत वाढली. ‘कोई नहीं हटेगा, बांध नहीं बनेगा’ ही घोषणा त्यांनी पाढ्यांसारखी ऐकलेली होती.

24 तास आधी
18 नोव्हेंबर 1993

सशस्त्र बंदोबस्त डोंगरात आपोआप उगवत नाही. अक्राणीचं ठिकाण धडगाव. तिथे सपाटीवरून जायचं म्हणजे घाट, वळणं, तासन्‌तास. पुढच्या गावांना जायला त्या काळी बऱ्याच ठिकाणी पायवाटच. सर्वेक्षणाचं पथक आणि त्याच्याबरोबर पोलीस तिथे न्यायचे तर आधी कुणीतरी ते ठरवावं लागतं. हुकूम निघतो, गाड्या लागतात, माणसं नेमली जातात, बंदुका आणि काडतुसं मोजून दिली जातात.

त्या प्रत्येक टप्प्यावर एक साधा प्रश्न विचारता आला असता: मोजणीला बंदूक कशाला? लोक मोजू देत नाहीत, म्हणून असं उत्तर आलं असतं. मग पुढचा प्रश्न: ते का मोजू देत नाहीत? त्याचं उत्तर चौदा वर्षांच्या कागदांत होतं. सूचना वेळेत नाही, जमीन दाखवलेली नाही, कसत्या जमिनीला सातबारा नाही, आणि धरणाचा पुनर्विचार करणारा सरकारचाच गट अजून बसलेला आहे. गोळी चालवायचा निर्णय घटनास्थळी काही क्षणांत होत असेल. गोळी चालेल अशी परिस्थिती मात्र कार्यालयांत, निवांतपणे, हुकुमावर सह्या होताना तयार होते.

0 तास
19 नोव्हेंबर 1993

चिंचखेडी. सर्वेक्षणाचं पथक आलं. पोलीस होते. लोक जमले आणि त्यांनी विरोध केला. पोलिसांनी गोळीबार केला. रेहमल पुन्या वसावे मारला गेला.

यापलीकडे त्या क्षणाला रंग भरणं मला योग्य वाटत नाही. त्या मुलाचं मरण वर्णनासाठी नाही.

विचारायचं आहे ते वेगळं. जमाव पांगवण्याचे नियम त्या दिवशीही होते. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 129 व्या कलमानुसार आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा, तो मानला नाही तरच बळ वापरायचं. 1990 मध्ये हवानात भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने पोलिसांच्या शस्त्रवापराची तत्त्वं ठरवली होती. त्यांनुसार आधी अहिंसक उपाय संपवायचे आणि बंदूक फक्त जिवावर बेतणारा किंवा गंभीर इजेचा धोका समोर असेल तेव्हाच उचलायची. आपल्या शिवाराची मोजणी अडवणारा गाव हा असा धोका असतो का? सर्वेक्षण त्या दिवशी झालं नसतं तर काय बिघडलं असतं? पथक परत गेलं असतं, कुणीतरी पुन्हा बोलायला आलं असतं. मोजणी पुढच्या आठवड्यावर टाकता येते. सुटलेली गोळी मागे घेता येत नाही.

धरणाच्या विरोधात उभा राहिलेला आदिवासी बंदुकीसमोर येणं हे फक्त सातपुड्यात घडलेलं नाही. फिलिपिन्समध्ये चिको नदीवरच्या धरणांना विरोध करणारे कलिंगा जमातीचे नेते माक्लिंग दुलाग यांना 24 एप्रिल 1980 रोजी सैनिकांनी त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. झारखंडात कोयल-कारो धरणाच्या विरोधकांवर 2 फेब्रुवारी 2001 रोजी टपकारा इथे पोलिसांनी गोळीबार केला, आठ जण गेले. या दोन्ही ठिकाणी पुढे धरणं झाली नाहीत. सातपुड्यात धरण झालं.

624 तासांनंतर
डिसेंबर 1993 चा मध्य

घड्याळाचा तिसरा ठोका. जूनच्या मध्याला पाणी येणार असेल तर त्याआधी 6 महिने पुनर्वसन पूर्ण झालेलं असायला हवं. म्हणजे ज्या दिवशी चिंचखेडीत गोळी सुटली, त्या दिवशी कायद्याच्या घड्याळात 26 दिवस, 624 तास उरले होते. जे काम तोवर संपलेलं असायला हवं होतं, त्याची अजून मोजणीच चालली होती.

मला या घटनेचं मर्म इथे दिसतं. चौदा वर्षं सरकारच्या हाती होती. अठरा महिन्यांची सूचना, बारा महिने आधीची जमीन, सहा महिने आधीचं घर, हे सगळं करायला वेळ होता. तो वेळ गेला आणि मग घाई सुरू झाली. गमावलेला वेळ बंदोबस्ताच्या जोरावर भरून काढायचा प्रयत्न झाला. उशीर कार्यालयांनी केला आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली.

पुढचे तास

फेब्रुवारी 1994 मध्ये धरणाच्या बांधकामासाठी ठेवलेल्या झडपा बंद करण्यात आल्या. 1994 चा पावसाळा आला आणि पाणी आणखी वर चढलं.

चिंचखेडीनंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, 23 नोव्हेंबर 1994 रोजी, नागपुरात हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. अनुसूचित जमातीत समावेश करा, ही मागणी. दिवसभर वाट पाहिलेल्या जमावावर पोलिसांनी लाठ्या उचलल्या, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं मेली. त्यांत बायका आणि मुलं अधिक. तत्कालीन आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. दोन्ही घटना एकाच राज्यातल्या, तेरा महिन्यांच्या आतल्या. दोन्हीकडे मागणी होती आमचं ऐका एवढीच, आणि दोन्हीकडे समोर आधी पोलीस आले. चिंचखेडीच्या गोळीतून राज्याने धडा घेतला असता तर कदाचित नागपुरात झिरो माइलजवळचा तो दिवस वेगळा गेला असता. ‘कदाचित’ म्हणतो, कारण याहून ठाम बोलण्याचा अधिकार मला नाही.

18 ऑक्टोबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने धरणाचं काम पुढे नेण्यास परवानगी दिली. न्या. भरूचा यांचं मत वेगळं होतं. बहुमताच्या निकालातही उंची वाढेल ती पुनर्वसनाच्या बरोबरीनेच वाढेल, असं बंधन होतं. घड्याळ न्यायालयानेही काढून घेतलेलं नव्हतं. ते पाळलं गेलं का, याचं उत्तर नर्मदेच्या काठावर त्यानंतरही झालेल्या सत्याग्रहांत आहे. 17 सप्टेंबर 2017 रोजी धरणाचं लोकार्पण झालं. सप्टेंबर 2019 मध्ये पाणी पहिल्यांदा 138.68 मीटरला लागलं, 1979 च्या कागदावरच्या आकड्याला.

2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात शंभरात 69 माणसं आदिवासी आहेत. साऱ्या महाराष्ट्रात शंभरात नऊ. डोंगरात बहुसंख्य आणि मुंबईच्या हिशेबात अल्पसंख्य. या दोन आकड्यांमधल्या अंतरात चिंचखेडीसारखे दिवस घडतात, कारण निर्णय एका जागी होतो आणि तो सोसावा लागतो दुसऱ्या जागी.

आजचा तास

चिंचखेडीच्या त्या सर्वेक्षणात कुटुंबाची माहिती भरताना मुलांची वयं विचारली जाणार होती. निवाड्यात सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब, त्याला स्वतंत्र हक्क. अठरा पूर्ण कोणत्या तारखेला धरायचे, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले, अर्ज झाले, पोरं म्हातारी व्हायला लागली. रेहमलच्या वयाच्या सातपुड्यातल्या कितीतरी मुलांचं आयुष्य त्या एका रकान्यावर अडून राहिलं.

रेहमल जगला असता तर आज पन्नाशीला टेकला असता. कदाचित त्याचीही एखाद्या कार्यालयात फाईल असती. आपलं वय सिद्ध करायला तोही दाखले घेऊन धडगावच्या रांगेत उभा राहिला असता. त्या मोजणीला नकार देणाऱ्या गर्दीतल्या कितीतरी जणांना ही रांग नंतर भेटली. त्याला भेटली नाही.

म्हणून 19 नोव्हेंबर ही तारीख हौतात्म्याच्या फलकापुरती ठेवू नये. सरकारी पथक डोंगराच्या दिशेने निघेल तेव्हा, धरणासाठी असो की खाणीसाठी की रस्त्यासाठी, आधी त्याने आपल्या हातातलं घड्याळ गावाला दाखवावं. अठरा महिन्यांचं काम झालं का? बारा महिन्यांचं झालं का? नसेल झालं, तर पथकाने परत फिरावं. तास उरलेले असतात. चिंचखेडीतही 624 उरले होते.